गाडी उभी असताना हप्ता कोण भरणार?

(ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पुढे काय शिकायचं याचा सल्ला मी देते, आणि बारावीच्या निकालानंतर माझ्या फोंड्याच्या खोलीत खुर्च्या कमी पडतात. अशाच एका सकाळी डिचोली तालुक्यातलं एक कुटुंब आलं. मुलगी कॉमर्सची, मार्क बेताचे, हायर सेकंडरीत कबड्डी खेळलेली, वर्षभर नेमाने जिमला जाणारी. तिच्या हातात घाटावरच्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक होतं. हेल्थ अँड फिटनेस मॅनेजमेंटची तीन वर्षांची पदवी, काम करता करता शिकायची. आईने ते आधीच तीनदा वाचलेलं दिसत होतं. वडील बराच वेळ गप्प होते. मग एकदम म्हणाले, “मॅडम, जिमात उभं राहायला डिग्री कशाला? आणि डिग्रीच द्यायची तर हिला कामाला कशाला लावतात? फी आम्ही भरायची आणि राबायचं हिने?”

बहुतेक पालक हाच प्रश्न “ही डिग्री चालते का हो?” एवढ्यावर आटोपतात. या गृहस्थांनी तो नीट विचारला.

“चालते का”चं उत्तर सोपं आहे. खासगी विद्यापीठ राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेलं असावं लागतं, आणि त्याचं नाव यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत दिसतं. पदवी देण्याचा अधिकार १९५६च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ मधून येतो. ‘फिटनेस मॅनेजमेंट’ हा झाला विषय. पदवीचं नाव बी.व्होक., बीबीए, बी.एस्सी. असं यूजीसीने ठरवून दिलेल्यांपैकीच असायला हवं. हे मी मुलीलाच फोनवर शोधायला लावलं. दहा मिनिटं लागली, आणि सगळं ठीक निघालं. ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ मागणाऱ्या सरकारी जागेला ती अर्ज करू शकेल, हेही मी सांगितलं. त्यावर आईचा चेहरा खुलला. “म्हणजे शाळेत पीई टीचर?” नाही, वहिनी. त्याला बी.पी.एड.सारखी शिक्षकाची पात्रता लागते. फिजिओथेरपिस्ट किंवा डाएटिशियन अशी पाटीही लावता येणार नाही. ते व्यवसाय २०२१च्या वेगळ्या केंद्रीय कायद्याखाली येतात.

एक काटा मात्र होता. म्हापशाच्या एका एजंटाने त्यांना सांगितलं होतं की पोरीला घाटावर जायची गरजच नाही, तीनही वर्षं ‘आमच्या सेंटरवर’ वर्ग होतील. राज्याच्या कायद्याने झालेल्या खासगी विद्यापीठाला दुसऱ्या राज्यात अशी दुकानं थाटता येत नाहीत, यूजीसी फ्रँचायझी मानत नाही. छत्तीसगडमध्ये एका कायद्याच्या आधारे शंभरावर खासगी विद्यापीठं उभी राहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली त्या कायद्यातली तरतूदच रद्द केली, आणि ती सगळी विद्यापीठं एका निकालाने गेली. कामाचं सत्र गोव्यातल्या एखाद्या आस्थापनात करता येईल, वर्ग मात्र विद्यापीठाच्या आवारातच. मुलीला हॉस्टेलवर राहावं लागणार, हे त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारलं गेलं. वडिलांनी नुसती मान हलवली.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी मी इथेच थांबायचे. यादीत नाव आहे, पदवी खरी आहे, जा. अशाच एका कोर्सला माझ्या शब्दावर गेलेली मुलगी कामाचं अख्खं सत्र एका फिटनेस सेंटरच्या रिसेप्शनवर टॉवेल मोजत बसली. प्रमाणपत्रावर तासांचा हिशेब चोख होता. तिची पदवी आजही खरीच आहे. पण पन्नाशीचा मेंबर समोर उभा राहिला की काय करावं, हे तिला कोणी दाखवलंच नाही.

म्हणून वडिलांच्या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाला मी घाईने उत्तर दिलं नाही. स्नायूंची नावं पुस्तकात पाठ होतात. पण नवीन मेंबर आरोग्याच्या फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहितो आणि बोलता बोलता सांगून जातो की बीपीची गोळी परवापासून सोडलीय, ते फ्लोअरवरच ऐकू येतं. जानेवारीत ट्रेडमिलला रांग लागते आणि मार्चमध्ये तेच चेहरे दिसेनासे होतात. रिन्यूअल कसं टिकवायचं, सकाळी सहाला दार कोण उघडणार, मशीनच्या मेंटेनन्सचा करार कधी संपतो, याला मॅनेजमेंट म्हणतात. ट्रेनर होण्याला एवढं लागत नाही. सेंटर चालवायचं असेल तर लागतं.

माहितीपत्रकात शब्द होता ‘इंडस्ट्री इमर्शन’. ऐकायला छान, बांधिलकी शून्य. अप्रेंटिसशिप असेल तर १९६१च्या कायद्याखाली लेखी करार होतो आणि स्टायपेंड द्यावाच लागतो. २०१९च्या दुरुस्तीत पदवी स्तरावरच्या शिकाऊ उमेदवाराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरवले होते. इंटर्नशिपला असं बंधन नाही. यूजीसीच्या अप्रेंटिसशिपसह पदवीच्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एक ते तीन सत्रं कामावर घालवता येतात, आणि त्या कामाचे क्रेडिट मिळतात. क्रेडिट म्हणजे तासच. वर्षाला ४० क्रेडिट, १,२०० तास. ते तास कोण तपासणार, फ्लोअरवरचा सीनियर की बाहेरून येणारा प्राध्यापक, हे विचारायला हवं. मी कागदावर लिहून दिलं: करार कोणाशी, स्टायपेंड किती, कामाची विभागणी काय, तपासणार कोण.

वडिलांनी कागद वाचला, खिशातून पेन काढलं आणि खाली पाचवा प्रश्न स्वतः लिहिला. “गाडी उभी असताना हप्ता कोण भरणार?”

मला पटकन कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. खाणीवर त्यांचे दोन टिपर, म्हणजे माल वाहणारे ट्रक, होते. २०१२ला खाणी बंद झाल्या, पुढे थोड्या चालल्या, २०१८ला पुन्हा बंद. टिपर अंगणात, बँकेचा हप्ता दर महिन्याला. “किनाऱ्यावरची हॉटेलं पावसात अर्धी झोपतात. पोरीचं कामाचं सत्र नेमकं जून-जुलैत पडलं तर? तिथे मेंबर नाही, गिऱ्हाईक नाही. ती शिकणार काय, आणि मालक स्टायपेंड देणार का?”

इतकी वर्षं मी हे काम करते आहे, किनाऱ्यावरच्या मोरजी-मांद्रेच्या योगा रिट्रीटबद्दल पालकांना भरभरून सांगते आहे, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. मग कामाच्या सत्रासाठी कुठे जावं, याची यादी आम्ही उलटी केली. किनाऱ्यावरचं झगमगीत सेंटर खाली गेलं. पणजी, पर्वरी, मडगाव इथली, स्थानिक मेंबर बारा महिने येतात अशी साधी जिम वर आली. त्यात आणखी एक अडचण निघाली: ब्रेक शिफ्ट. सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी पाच ते नऊ. रात्री नऊनंतर पणजीहून कदंबच्या बसने डिचोलीपलीकडच्या गावात पोचायचं कसं? मुलगी म्हणाली, “मी पेइंग गेस्ट राहीन.” आई म्हणाली, “९,००० मध्ये?” हे त्या दोघींनी घरी बोलावं म्हणून मी मध्ये पडले नाही.

पुढच्या आठवड्यात वडील स्वतः जाऊन दोन जिममध्ये सकाळभर बाकावर बसून आले. सेकंडहँड गाडी घेताना इंजिन ऐकतात तसं, म्हणाले. एका ठिकाणी कोणीही नवीन आलं की ट्रेनर आधी बसवून दहा मिनिटं विचारपूस करतो. दुसऱ्या ठिकाणी आधी पैसे घेतात. पहिल्याचं नाव त्यांनी लिहून आणलं होतं.

मुलीने प्रवेश घेतला. पाच प्रश्नांचं पत्र विद्यापीठाला तिनेच पाठवलं. तपासणार कोण आणि कामाची विभागणी काय, याचं उत्तर सविस्तर आलं. स्टायपेंडबद्दल ‘आस्थापनेच्या धोरणानुसार’ एवढंच. कामाचं सत्र तिसऱ्या वर्षी आहे. दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या आधी कराराचा नमुना हातात हवा, असं वडिलांनी परवा विद्यापीठाला फोन करून सांगितलं. पाठवतो म्हणाले आहेत. अजून आलेला नाही.