मावशी बाळाला एवढं का चोळतात?

प्रिय मीरा,

तुझा मेसेज वाचला. आत्याच्या बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी त्याला पायांवर घेऊन खसाखसा चोळतात, ते किंचाळतं आणि आजी शांतपणे बघत बसते. कुणी थांबवत का नाही, असं तू विचारलंयस. आजीला विचारायचा धीर झाला नसणार, म्हणून प्रश्न दादरहून थेट इकडे जर्मनीत आला!

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला बाई येणं मुंबईत जुनंच. चाळीत नळाला पाणी यायच्या वेळेवर तिची वेळ ठरायची. आता टाकीचं पाणी दिवसभर असतं, पण मावशींना पुढची घरं घ्यायची असतात, म्हणून सकाळची घाई तशीच.

त्या पाटावर पाय पसरून बसतात, बाळाला नडग्यांवर घेतात, कोमट खोबरेल लावतात. छाती, पोट, मांड्या, तळवे, मग पालथं करून पाठ. उजवा हात डाव्या पायाकडे, डावा उजव्याकडे. यातलं बरंचसं मला मनापासून आवडतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हलकी मालिश केली तर त्यांचं वजन चांगलं वाढतं, असं अभ्यासांत दिसलंय. आणि गंमत बघ, इथे आयांना पैसे भरून बाळाच्या मालिशचा कोर्स करावा लागतो, त्याचं मूळ बरंचसं आपल्याकडचं. फ्रेडरिक लबोय्ये नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कोलकात्यात एका आईला बाळाची मालिश करताना पाहिलं आणि १९७०च्या दशकात ते युरोपला दाखवलं.

मग बाळ रडतं का? कधी भूक, कधी उघड्या अंगाला लागणारा पंखा. पण कधीकधी हात खरंच जड असतो. बाळ रडलं की अंग मोकळं होतं, हे आजीचं म्हणणं मला पटत नाही. रडलं तर थांबावं, जवळ घ्यावं.

नाक सरळ व्हावं म्हणून ओढणं, डोकं गोल व्हावं म्हणून दाबणं, पाय धरून उलटं लोंबकळवणं, हे तर नकोच. जन्मताना वाट काढता यावी म्हणून बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात, म्हणून डोकं सुरुवातीला लांबट दिसतं. ते बहुतेक वेळा काही दिवसांत आपसूक नीट होतं. टाळू भरायला मात्र साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं. तिथे तेल हलकेच लावावं, जोर देऊ नये. नाकात तेल घालणं सगळ्यात वाईट, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

इकडचे लोक शहाणे, असं मात्र समजू नकोस. आपल्या शेजारणीने तिच्या बाळाला ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे हाताने हाडं-स्नायू हलकेच दाबून उपचार करणाऱ्या एका बाईंकडे, नेलं होतं. त्या बाईंचा हात इतका हलका की बाळ झोपूनच गेलं. पण बोटांच्या स्पर्शाने कवटीची हाडं जागेवर बसतात, या दाव्याला भक्कम पुरावा नाही. नाक ओढून धारदार होतं म्हणणाऱ्या मावशी आणि त्या बाई, दोघींचा हात घ्यावा, दावे सोडून द्यावे.

आणि तू फक्त बाळाकडे बघतेयस. मावशी आत्याची पाठ-कंबरही चोळून देतात ना? रात्रभर जागलेल्या बाईला तेवढा एक तास कुणीतरी सांभाळतं. इथे बाळंतपणानंतर हेबामे, म्हणजे दाई, घरी येते, विम्यातून. तू झालीस तेव्हा ती आली, बाळाचं वजन केलं, टाके बघितले, सगळं नीट केलं. पण पाठीला तेल कुणी लावलं नाही, आणि ते मला अजून आठवतं.

तू मावशींना काही बोलू नकोस. आत्याच्या कानावर घाल, ती म्हणेल, ‘मावशी, हात जरा हलका ठेवा.’ नखं कापलीस तर तुलाही तळव्यांना तेल लावू देतील, विचारून बघ. आंघोळीनंतरच्या ओवा-वावडिंगाच्या धुरीचं बाबा आजीशी फोनवर बोलेल. एवढुशा फुप्फुसांना तो धूर नको. त्याचीच आई आहे, ओरडा त्यालाच खाऊ दे.

तुझी,
आई