किल्ली परत का केलीस?

ताई, माझं वय ४७. आठ महिन्यांपूर्वी बदली होऊन एकटीच नव्या शहरात आले. घरी बसून डोकं फिरायला लागलं म्हणून सार्वजनिक वाचनालयातल्या वाचनकट्ट्याला जायला लागले. दर गुरुवारी संध्याकाळी तासभर. एकही गुरुवार चुकवलेला नाही. लोक चांगले आहेत, हसून ‘या’ म्हणतात. पण वाचन संपलं की त्यांचे त्यांचे घोळके होतात आणि मी चपला घालून निघते. मध्यंतरी कट्टा सांभाळणाऱ्या बाईंनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली होती, ‘पुढच्या वेळेपासून तुम्ही उघडाल का?’ म्हणून. उगाच बंधन नको म्हणून मी ती नम्रपणे परत केली. आठ महिने झाले तरी मला पाहुणीसारखंच वाटतं. मी कुठे कमी पडतेय?

उत्तर:

अगं, किल्लीपाशी! एवढी मोठी गोष्ट तू दोन वाक्यांत उरकलीस आणि पुन्हा घोळक्यांची तक्रार करायला मोकळी झालीस.

जुनी, रुळलेली इतकी माणसं असताना त्या बाईंनी तुला विचारलं. का? ही येणार म्हणजे येणार, अशी त्यांची खात्री पटली होती म्हणून. ‘तुम्ही आमच्यातल्याच’ असं कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही गं, असंच काहीतरी काम हातात ठेवतात. तू ते परत केलंस. बाईंनी काय समजायचं? हिला फार गुंतायचं नाहीये, मग कशाला आग्रह करा. त्या दिवसापासून ते लोक तुझा मान राखतायत आणि तुला ते परकेपण वाटतंय. मला तुझ्यापेक्षा त्या बाईंचंच वाईट वाटलं.

तू त्यांना आवडत नाहीस, ही शंका तर मनातून काढूनच टाक. अमेरिकेत मोरलँड आणि बीच या दोन संशोधकांनी १९९२ मध्ये एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका मोठ्या वर्गात चार तरुणी विद्यार्थिनी म्हणून पाठवल्या. एक १५ वेळा जाऊन बसली, एक १० वेळा, एक ५ वेळा आणि एक गेलीच नाही. कुणाशी काही बोलायचं नाही, फक्त बसायचं. शेवटी वर्गाला त्यांचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली. तू तर न चुकता गेलीयस. तेवढं काम झालेलंच आहे.

पण आवडणं वेगळं आणि मैत्री वेगळी. जेफ्री हॉल या प्राध्यापकांनी २०१८ मध्ये नव्या गावी राहायला गेलेल्या माणसांचाच अभ्यास केला, म्हणजे तुझ्यासारख्यांचा. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जिवलग व्हायला २०० च्या वर, असा त्यांचा अंदाज. तुझे हिशेबाने झाले पस्तीसेक. त्यातही बराचसा वेळ कुणीतरी वाचतंय आणि बाकीचे गप्प. मग घोळक्यात जागा कुठून मिळणार?

खरा कट्टा भरतो तो सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यानंतर. लवकर येणारी दोन-तीन माणसं असतातच. कुणाला घरात करमत नसतं, कुणी पुस्तक अर्धवटच वाचलेलं असतं आणि बाकीचं कुणाकडून तरी ऐकून घ्यायचं असतं. (ही दुसरी मंडळी मला फार आवडतात.) पंखा लाव, खुर्च्या मांड, तेवढ्यात गुडघेदुखी निघते, मुलाच्या परीक्षा निघतात, पुस्तकाचं नावही निघत नाही. रे ओल्डेनबर्ग या समाजशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये घर आणि नोकरी यांच्या पलीकडच्या अशा जागांवर पुस्तकच लिहिलं. जागेला रंग चढतो तो तिथल्या नेहमीच्या माणसांमुळे, असं त्यांनी म्हटलंय. तू नेहमी येतेस खरी, पण ठरल्या वेळेला येतेस आणि ठरल्या वेळेला जातेस.

बंधन नको म्हणतेस. उद्या तू एका गुरुवारी गेली नाहीस, तर किती फोन येतील तुला? किल्ली तुझ्याकडे असली, तर पाच मिनिटं उशीर झाला तरी येतील. त्यालाच तू बंधन म्हणतेयस आणि त्याच्याचसाठी मला पत्र लिहितेयस.

तेव्हा आजच्या आज त्या बाईंना फोन कर. मेसेज नको, फोन. ‘किल्ली मी घेते, या गुरुवारपासून’ एवढंच म्हण. तेव्हा नको का म्हटलं याचं पुराण लावू नकोस. मधल्या काळात किल्ली दुसऱ्या कुणाकडे गेली असेल, तर खुर्च्या आवरून कुलूप लावायचं काम मागून घे, तेही कुणाला नकोच असतं. आणि पहिल्या दिवशी कुलूप अडलं तर एकटी झटापट करत बसू नकोस. मागे चार जणं ताटकळत उभी असतील, प्रत्येकाला वाटत असेल की ते आपल्यालाच उघडता येतं. सगळ्यांना पुढे बोलाव.