१४ एप्रिलच्या भाषणाबद्दल

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतचा भाषणाचा मसुदा वाचला. दलात रुजू होऊन वर्षही झाले नसताना अग्निशमन सेवा सप्ताहात बोलण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा आनंद आहे. मात्र ‘प्राणांची पर्वा न करता आगीत उडी घेणाऱ्या वीरांना वंदन’ हे पहिलेच वाक्य तू खोडावेस, असे मला वाटते. ज्याला प्राणांची पर्वा नाही, असा माणूस आपल्या शेजारी होज धरून नको, असे मी नोकरीभर म्हणत आलो. पर्वा असते म्हणूनच आपण जोडीने आत शिरतो, श्वसनयंत्रातील हवेचा दाब पाहतो आणि परतीची वाट ध्यानात ठेवतो. ज्यांना आपण वंदन करणार आहोत, तेही असेच जगू इच्छिणारे लोक होते.

तुझ्या मसुद्यात १४ एप्रिल १९४४ ही तारीख आहे, पण त्या दिवशी काय घडले ते एका ओळीत उरकले आहे. तेच सविस्तर सांग. मुंबई बंदरातील व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्याही होत्या. कापूस आणि स्फोटके यांची एकत्र भरताड करू नये, हे तेव्हाही ठाऊक होते. जहाजावर दारूगोळा असल्याची खूण म्हणून लावायचे लाल निशाण युद्धकाळामुळे लावलेले नव्हते. दुपारी गासड्यांतून धूर दिसला, वर्दी मिळाली, बंब आले आणि पाण्याचा मारा सुरू झाला. कापसाची आग वरून विझल्यासारखी वाटते आणि आत धुमसत राहते, हे तू प्रशिक्षणात शिकलाच असशील. शेकडो टन पाणी ओतूनही ती आटोक्यात येईना; जहाजाच्या पत्र्याला लागणारे पाणी उकळू लागले. जहाज खोल समुद्रात न्यावे की तिथेच बुडवावे, याचा निर्णय वेळेत कोणीही घेतला नाही. जहाज सोडण्याचा आदेश निघाला आणि त्यानंतर पाव तासाने, ४ वाजून ६ मिनिटांनी, पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दुपारी गेले. (या घटनेविषयी कोणालाही विचार, तो आधी जहाजातील सोन्याच्या विटांची गोष्ट सांगतो. मला त्याचा राग येत असे. आता नुसते वाईट वाटते.)

हे मी इतके लांबवर लिहितो, कारण ‘हौतात्म्य’ हा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न आपोआप थांबतात. माल कोणी तसा भरला, कोणी कोणाला काय सांगितले नाही, निर्णय कुठे अडला, हे प्रश्न विचारणे म्हणजे मृतांचा अवमान नव्हे. ते प्रश्न आपण विचारले नाहीत, तर दुसरे कोणी विचारणार नाही.

९ मे २०१५ रोजी काळबादेवीत लागलेल्या आगीचा उल्लेख तू केलेला नाहीस, तो कर. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्या जुन्या इमारतीतच मृत्युमुखी पडले. सुधीर अमीन आणि दलप्रमुख सुनील नेसरीकर भाजल्यामुळे पुढे काही दिवसांत रुग्णालयात वारले. दलप्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी होते, एवढे सांगितलेस तरी पुरे. त्याला विशेषणे जोडू नकोस.

आणखी एक गोष्ट आहे, जी भाषणात बसणार नाही. माझा एक सहकारी कामावर असताना गेला. त्याच्या अंत्ययात्रेला रस्ता पुरला नाही, पण वर्षभराने त्याची पत्नी त्याच मृत्यूचा तोच दाखला घेऊन एका कार्यालयाच्या तिसऱ्या खिडकीसमोर उभी होती. तेव्हा मी तिच्याबरोबर जायला हवे होते. गेलो तो फार उशिरा. तुमच्या केंद्रातील अशा घरांची यादी कार्यालयात असेल. सप्ताह संपल्यावर, जून-जुलैच्या पावसात, जेव्हा कोणालाच आठवण नसते, तेव्हा त्यांच्याकडे एकदा जाऊन ये. अर्ज, सही, मुलांच्या शाळेचे कागद, जे काही अडले असेल ते विचार, आणि फुले नेऊ नकोस.

भाषण पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नकोस. नावे वाचताना घाई करू नकोस. अवघड उच्चार आदल्या दिवशी घरच्यांना विचारून घे. पाहुण्यांच्या स्वागताला तुझ्या मसुद्यात दोन परिच्छेद आहेत, त्यांतील दीड काढून टाक. पहिल्या रांगेतील खुर्च्या कुटुंबीयांसाठी राखून ठेव. मीही येणार आहे. मला मागे, बंबाजवळ उभे राहायला जागा असली की झाले.

तुझा,
एक निवृत्त अग्निशमन अधिकारी