फिलिपिन्समधल्या सासरच्यांचं अमेरिकन ग्रीन कार्ड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी बायको मूळची सेबूची, इथे न्यू जर्सीत नर्स आहे आणि नुकतीच सिटीझन झाली. आता तिला आईला आणि धाकट्या भावाला इकडे आणायचंय, भावाची बायको आणि सहा वर्षांचा मुलगा पण. सगळ्यांचा मिळून एकच अर्ज चालतो का?
– मूळ सांगलीचे एक वाचक

उत्तर : नाही चालत. आईचा आय-१३० (नातेवाईकाला बोलावण्याचा अर्ज, म्हणजेच पिटिशन) वेगळा, भावाचा वेगळा. सासूबाई 'इमिजिएट रिलेटिव्ह'मध्ये येतात, म्हणजे त्यांना कोटा नाही, रांग नाही, कागद पुढे सरकायला लागेल तेवढाच वेळ. मात्र त्यांच्या अर्जावर दुसरं कुणीही येऊ शकत नाही. भाऊ जातो एफ-४ मध्ये, म्हणजे सिटीझनच्या भावंडांच्या कॅटेगरीत, आणि तिथे सगळ्या जगासाठी वर्षाला साधारण ६५,००० व्हिसे, त्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, आणि फिलिपिन्सची मागणी एवढी की व्हिसा बुलेटिनमध्ये (कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारा सरकारचा मासिक तक्ता) भारत, चीन, मेक्सिकोसारखा त्यांचाही वेगळा रकाना असतो. सध्या ज्यांचा नंबर लागतोय त्यांचे अर्ज वीस वर्षांच्या आसपास जुने आहेत. म्हणून भावाचा अर्ज पुढे ढकलू नका, आईचं झालं की बघू असं तर अजिबात नको, दोन्ही एकदमच टाका. भावाची बायको आणि मुलगा त्याच्याच अर्जावर येतील, पण मुलगा २१ च्या आत असायला हवा. आत्ता सहा वर्षांचा आहे म्हणजे नंबर लागेपर्यंत पंचविशी ओलांडेल असं वाटतं ना, तर पिटिशन मंजूर व्हायला जितकी वर्षं गेली तितकी त्याच्या वयातून वजा होतात, त्यामुळे मार्ग आहे, फक्त पावती आणि मंजुरीची नोटीस दोन्ही जपून ठेवा, आणि नंबर आल्यावर वर्षाच्या आत अर्ज पुढे न्यायला लागतो. तोवर त्याचं लग्न मात्र व्हायला नको.

फॉर्म तुम्हीच भरणार असाल तर एक सांगते. आपल्याकडे मधलं नाव वडलांचं किंवा नवऱ्याचं, फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. आपले जावई सवयीने तिथे सासऱ्यांचं नाव टाकतात आणि मग ते पीएसएच्या (फिलिपिन्समधलं जन्म-लग्नाच्या नोंदी ठेवणारं सरकारी खातं) जन्मदाखल्याशी जुळत नाही. दाखला आधीच मागवा आणि अक्षर न् अक्षर तपासा, कारण जुन्या दाखल्यांत स्पेलिंगच्या चुका फार, आणि साध्या चुका तिथल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे दुरुस्त होतात, कोर्टात जावं लागत नाही, पण वेळ जातो.

सासूबाईंना मुलाखतीला मनिलाच्या रोक्सास बुलेव्हार्डवरच्या वकिलातीत जावं लागेल, त्याआधी सेंट ल्यूक्स एक्स्टेन्शन क्लिनिकमध्ये मेडिकल. एक्स-रेमध्ये जुन्या टीबीचा डाग दिसला तर थुंकीचं कल्चर करतात आणि त्याला आठ आठवडे लागतात. घरी सगळे घाबरतात, व्हिसा नाकारला असं समजतात, पण तसं नसतं. फक्त तिकीट आधी काढू नका.

प्रश्न : मी नाशिकचा, दुबईत नोकरी. माझी मैत्रीण फिलिपिनो, इलोइलोची, तीही इथेच आहे. तिची आई शिकागोत, ग्रीन कार्डवर सात वर्षं झाली, आणि तिने हिच्यासाठी अविवाहित मुलगी म्हणून पिटिशन टाकलंय. आम्हाला लग्न करायचंय. तिचे मामा म्हणतात की गावी चर्चमध्ये गुपचूप उरका, कागदावर तिला सिंगलच राहू दे, बरेच जण असंच करतात. करावं का?

उत्तर : नका करू, प्लीज. मामांचा हेतू वाईट नसेल, पण या एका सल्ल्याने किती फिलिपिनो घरं वर्षानुवर्षं टांगणीला लागलीयेत. चर्चमधलं लग्न गुपचूप राहत नाही, लग्न लावणारा फादर ते स्थानिक रजिस्ट्रारकडे कळवतो, तिथून पीएसएकडे जातं, आणि व्हिसाच्या वेळी सेनोमार म्हणजे लग्न न झाल्याचा दाखला पीएसएकडूनच आणावा लागतो. समजा तरीही निभावलं आणि ती सिंगल म्हणून अमेरिकेत पोचली. पुढे ती तुम्हाला बोलावणार कशी? नवऱ्यासाठी अर्ज टाकताना लग्नाचा दाखला जोडायचा, त्यावरची तारीख तिच्या प्रवेशाच्या आधीची, म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा दिला. खोटं सांगून व्हिसा घेतला तर आयुष्यभराची बंदी आहे, माफीचा अर्ज करता येतो पण तो मंजूर होईलच असं नाही, आणि ग्रीन कार्ड जाऊन परत पाठवणीही होऊ शकते.

आता खरं लग्न उघडपणे केलं तर काय? ग्रीन कार्डवाल्यांच्या विवाहित मुलांसाठी कॅटेगरीच नाही, त्यामुळे आई सिटीझन व्हायच्या आधी लग्न झालं तर पिटिशन आपोआप रद्द, रांगेतली जुनी तारीखही गेली. पण आई आधी सिटीझन झाली आणि मग तुम्ही लग्न केलंत तर तेच पिटिशन एफ-३ मध्ये, म्हणजे सिटीझनच्या विवाहित मुलांच्या कॅटेगरीत जातं आणि तारीख टिकते. एवढा फरक फक्त क्रमाचा! सात वर्षं झालीत म्हणजे पाच वर्षांची अट त्यांनी कधीच पूर्ण केलीय, तर उद्याच त्यांच्याशी एन-४०० बद्दल, म्हणजे सिटीझनशिपच्या अर्जाबद्दल बोला.

मात्र फिलिपिन्सच्या एफ-३ लासुद्धा वीस वर्षं लागतात, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरा रस्ता म्हणजे लग्न न करता थांबायचं, तिने आधी जायचं, मग खरंखुरं लग्न करायचं आणि तिने तुमच्यासाठी एफ-२ए मध्ये (ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांची कॅटेगरी) अर्ज करायचा. तो कायदेशीर आहे, पण तिच्या रांगेलाही बरीच वर्षं लागतात, आणि तोपर्यंत मूल झालं तर त्याचं नाव डीएस-२६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये लिहायचंच, लपवायचं नाही. आई सिटीझन झाल्यावर ती एफ-१ मध्ये (सिटीझनच्या अविवाहित मुलांची कॅटेगरी) सरकेल, आणि फिलिपिन्सच्या रकान्यात एफ-१ ची तारीख एफ-२बी (तिची आत्ताची, ग्रीन कार्डवाल्यांच्या अविवाहित मुलांची कॅटेगरी) पेक्षा मागे असेल तर एफ-२बी मध्येच राहू द्या असं पत्र देता येतं, ही सवलत फार जणांना माहीतच नसते. आता वीस वर्षं संसार दुबईत करायचा की आधी तिचा व्हिसा, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, मामांनी नाही. मला विचाराल तर पंचविशी-तिशीतल्या दोघांनी एका देशाच्या रांगेसाठी लग्न थांबवू नये, दुबईतही संसार होतो.

प्रश्न : मी पुण्याचा, डॅलसमध्ये एच-१बी वर, ईबी-२ मध्ये (नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डची एक कॅटेगरी) भारताच्या रांगेत अडकलोय. बायको फिलिपिन्सची आहे, तिचा काही उपयोग होतो का?

उत्तर : होतो, आणि मोठा होतो. याला क्रॉस चार्जेबिलिटी म्हणतात. रांग जन्माच्या देशाप्रमाणे लागते, आणि नवरा-बायको एकत्र अर्ज करत असतील तर जोडीदाराचा जन्मदेश धरता येतो. फक्त पासपोर्ट बघू नका, जन्म कुठे झालाय ते बघा, सौदीत जन्मलेली फिलिपिनो मुलगी सौदीच्याच हिशोबात येते. तिच्याकडे स्वतःचं ग्रीन कार्ड आधीच असेल तर हा रस्ता बंद, मग तिनेच तुमच्यासाठी अर्ज करायचा. नसेल तर फिलिपिन्सच्या रकान्यात ईबी-२ ची तारीख बघा, आणि तुमची तारीख त्यात बसत असेल तर लग्नाचा दाखला आणि तिचा पीएसएचा जन्मदाखला घेऊन या आठवड्यातच कंपनीच्या वकिलाला गाठा. ते आपणहून विचारतील असं धरून चालू नका.