वालाचं बी पावसाळा काढेना, काय करू?

प्रश्न: घरच्या कडव्या वालाचं बी मार्चमध्ये दोन दिवस ऊन देऊन प्लॅस्टिकच्या पिंपात गच्च बंद केलं. गणपतीत उघडलं तर कुबट वास, वरच्या थराला बुरशी आणि कित्येक दाण्यांना भोकं. भाताचं बी मात्र साध्या गोणीत राहूनही चांगलं उगवतं. असं का? पिंपात कीडनाशक गोळी टाकू का? (अलिबाग तालुक्यातील एक शेतकरी ताई)

उत्तर: ताई, भाताचं उदाहरण दिलंत, उत्तर त्यातच आहे. भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापतो आणि जूनच्या तोंडावर पेरतो. ते बी घरात राहतं ते कोरड्या महिन्यांत. वाल निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पेरायचा भातकापणीनंतर, म्हणजे अख्खा पावसाळा त्याला घरात काढायचा असतो. त्या दिवसांत आपल्याकडे बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं.

पीप बाहेरची ओल आत येऊ देत नाही, पण आतली बाहेरही जाऊ देत नाही. दोन दिवसांच्या उन्हात साल वाळली, गाभा ओलाच राहिला. कडधान्याचं बी गोणीत ठेवायचं तर ओलावा ९ टक्क्यांच्या आत हवा, हवाबंद डब्यात ८ टक्क्यांच्या. म्हणजे डबा जितका घट्ट, तितकं बी जास्त वाळलेलं लागतं.

निदान चार-पाच दिवस ऊन द्या. दव उडाल्यावर, नऊच्या सुमारास ताडपत्रीवर पातळ पसरा आणि तासातासाने हात फिरवा. मार्च-एप्रिलच्या भर दुपारी तापलेल्या कोब्यावर किंवा पत्र्यावर मात्र नको, तिथे अंकुरच भाजतो. बारा ते तीन सावलीत ओढा. संध्याकाळी झाकून घरात घ्या, नाहीतर दिवसभराची मेहनत रात्रीची हवा पिऊन टाकते.

वाळलं का ते बघायला कोरड्या काचेच्या बाटलीत तव्यावर गरम करून निववलेलं दोन चमचे मीठ आणि मूठभर बी घाला, हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर बी अजून बरंच ओलं आहे. चिकटलं नाही म्हणून लगेच भरू नका, कारण ही परीक्षा ढोबळ आहे. मग दाणा दाताखाली धरा. दात रुतला तर आणखी एक ऊन. कट्कन फुटला तर भरायला घ्या.

पण गरम गरम भरू नका. आमच्या आईने एकदा गच्चीवरचं बी तसंच डब्यात ओतलं होतं. सकाळी झाकणाच्या आतून थेंब लोंबत होते. सावलीत पूर्ण निवू द्या, मग त्याच दिवशी भरा.

भोकं पाडणारा भुंगा बहुतेक वेळा शेतातूनच येतो. मादी शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते. म्हणून डबा स्वच्छ असूनही कीड दिसते. भरण्याआधी किलोला ५ मिली खाद्यतेल दाण्यांना चोळा. एरंडेलही चालेल. चाळलेली, थंड, कोरडी राख मिसळण्याची जुनी रीतही उत्तम. पीप काठोकाठ भरा. अर्धं रिकामं पीप म्हणजे भुंग्याला श्वास घ्यायला मोकळी हवा. बी थोडं असेल तर लहान डबा घ्या आणि पावसाळ्यात उगाच उघडून बघू नका.

गोळीचं विचारलंत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी घरात मुळीच नको. ओल लागली की तिच्यातून विषारी वायू सुटतो आणि झोपेत माणसं दगावतात. ती प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, गोदामातच वापरायची.

दोडकी-काकडीचं बी मूठभरच असतं. ते सावलीतच वाळवा. काचेच्या बरणीत तळाशी, बियाण्याइतकेच, तांबूस भाजून निववलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवा. ते तांदूळ उरलीसुरली ओल ओढतात.

यंदाचं भोकं पडलेलं बी वेगळं काढा. उरलेल्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठ-दहा दिवस ठेवा. पंचाहत्तर किंवा जास्त उगवले तर पेरा. कमी उगवले तर आत्ताच शेजारी विचारून ठेवा. आणि पुढच्या हंगामात पोपटीला (मडक्यात शेंगा भाजायच्या बेताला) शेंगा तोडायच्या आधी बियाण्याच्या ओळी वेगळ्या राखा, पाहुणे आले की तिथलंच आधी तोडलं जातं.