तेल घटले, मग काम का वाढले?

प्रश्न : माझा मुलगा गुजरातमधील एका जुन्या तेलक्षेत्रात नोकरीला आहे. तेथील तीन संकलन केंद्रांपैकी दोन बंद करून सर्व विहिरींचा माल एकाच केंद्रात आणण्याचे घाटत आहे. आमच्याकडे कापसाची आवक घटली की जिनिंगवाले एखादे युनिट बंद ठेवतात, तसाच हा प्रकार आहे का? यात विहिरींचे नुकसान तर होणार नाही ना?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : जिनिंगचे उदाहरण निम्मेच लागू पडते. कापूस कमी आला की जिनिंगमधले कामही कमी होते. जुन्या तेलक्षेत्रात मात्र तेल घटते आणि काम वाढते. विहिरीतून तेल, वायू व पाणी एकत्रच वर येतात आणि केंद्रातील सेपरेटरमध्ये ते वेगळे केले जातात. क्षेत्र जुने होते तसे पाण्याचे प्रमाण चढत जाते. पाणी निम्मे असताना १० पिंपे तेलासाठी २० पिंपे द्रव हाताळावा लागतो. ते ९० टक्क्यांवर गेले की तेवढ्याच तेलासाठी १००. हे पाणी नाल्यात सोडता येत नाही. ते शुद्ध करून बहुधा पुन्हा भूगर्भात दाबावे लागते. म्हणून उरणाऱ्या केंद्राची क्षमता तेलावरून नव्हे, पाण्यावरून जोखली पाहिजे.

तरीही एकत्रीकरणाला कारण आहे. अंकलेश्वरला तेल लागले ते १९६० मध्ये, म्हणजे ते क्षेत्र आपल्या महाराष्ट्र राज्याच्याच वयाचे. इतक्या वर्षांत टाक्या आणि नळ गंजतात, आणि केंद्रात माल निम्मा आला तरी पाळीवरची माणसे व अग्निशमनाची व्यवस्था निम्मी करता येत नाही. वायू फारच घटला, तर मोठा कॉम्प्रेसर बिघडू नये म्हणून दाबलेला वायूच त्याच्या तोंडाशी परत फिरवावा लागतो, म्हणजे इंधन जळते आणि हाती काही येत नाही.

विहिरींबद्दलची आपली शंका रास्त आहे. मोटर तीच ठेवून पाइपलाइन शेताच्या पार दुसऱ्या टोकाला नेली की धार बारीक होते, हा अनुभव आपल्या भागात कोणाला नाही? तेलविहिरीचेही तसेच आहे : केंद्र दूर गेले की विहिरीच्या तोंडाशी उलटा दाब वाढतो आणि आधीच क्षीण झालेली विहीर बंदही पडू शकते. त्यावर अधिक व्यासाची लाइन टाकणे, सेपरेटर कमी दाबावर चालवणे किंवा बंद केलेल्या केंद्राच्या जागी पंप बसवणे हे उपाय आहेत. चिरंजीवांनी एवढे जरूर विचारावे, की प्रत्येक विहिरीचे तेल व पाणी स्वतंत्र मोजणारा टेस्ट सेपरेटर जुन्या जागी राहणार आहे का. तो काढला, तर कोणती विहीर मंदावली हे एकत्र आलेल्या मालावरून ओळखणे फार कठीण जाईल.