बर्लिनमधलं रंगीत रो-हाऊस घेण्याआधी

नोकरीसाठी बर्लिनला येणार आहात आणि तिथल्या ब्रिट्झ भागातल्या हुफआयझनझीडलुंगमधल्या (घोड्याच्या नालेच्या आकाराची वसाहत) लाल, पिवळ्या, पांढऱ्या रो-हाऊसचे फोटो बघून विचारलंय, की तिथे घर घ्यावं का आणि बघताना काय तपासावं. घ्यायला हरकत नाही, पण घर तुमच्या नावावर झालं तरी त्याच्या भिंतीचा रंग तुमच्या मर्जीवर राहणार नाही, हे मनाशी पक्कं करूनच बघायला जा.

पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये घरांची भयंकर टंचाई होती. पैशाचं मोलच कोसळलेल्या महागाईत ज्या घरमालकांची कर्जं आपोआप विरून गेली त्यांच्यावर 1924 मध्ये कर बसला आणि त्या पैशातून अशा वसाहती उभ्या राहिल्या. ब्रुनो टाउट आणि मार्टिन वाग्नर या वास्तुकारांनी 1925 ते 1933 मध्ये इथे 1,963 घरं बांधली. त्यात 679 रो-हाऊस, बाकी तीन मजली इमारतींतले फ्लॅट. पैसा बेताचा, म्हणून घरांचे मोजकेच प्रकार आणि खिडक्या-दारांची ठरलेली मापं. नक्षीकाम परवडणारं नव्हतं. रंग परवडत होता. टाउटने तो नेमका वापरला. ओळीच्या टोकाची घरं थोडी पुढे काढली, तिथे रंग बदलला, त्यामुळे लांबच लांब ओळ कंटाळवाणी होत नाही. ओंकेल-ब्रेझिग रस्त्यावर उभं राहून एकच घर नीट बघा: भिंत एका रंगाची, खिडकीची चौकट दुसऱ्या, आणि दारावर दोन-तीन रंगांचे चौकोनी पट्टे.

वसाहतीला 1986 पासून वारसा संरक्षण आहे आणि 2008 पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे. दार, खिडकी, गिलावा, कुंपणाची झाडं, बागेतली शेड, भिंतीवरची डिश किंवा एसीचं युनिट, काहीही बदलायचं तर नॉयकोल्नच्या (ब्रिट्झ ज्यात येतं त्या बर्लिनच्या विभागाच्या) वारसा खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. काम करून मग कागद जमवू, हा आपला खाक्या इथे चालत नाही.

घर बघताना पहिली नजर गिलाव्यावर. मूळ पद्धत खनिज गिलाव्याची आणि सिलिकेट रंगाची. हा रंग गिलाव्याशी रासायनिक बांधला जातो आणि भिंतीतला ओलावा बाहेर पडू देतो. मधल्या काळात कुणी त्यावर प्लास्टिक रंग मारला असेल तर ओल आत अडकते आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. त्यावर सरळ सिलिकेट मारला तर तो धरत नाही. जुना थर आधी पूर्ण काढावा लागतो, आणि खरा खर्च तिथेच येतो.

खिडक्या दुहेरी पेटीच्या, म्हणजे मध्ये हवेची पोकळी असलेल्या दोन झडपांच्या. प्लास्टिकच्या बसवायची परवानगी मिळेल या आशेवर राहू नका. आतल्या झडपेत इन्सुलेटिंग काच बसवणं हा नेहमीचा तोडगा आहे. थंडी अडवायला बाहेरून थर्माकोलचं आवरण लावता येईल असंही धरून चालू नका, कारण खिडक्या खोल जातात आणि गिलाव्याचा पोत झाकला जातो. मग उरतं काय? पोटमाळ्याची जमीन आणि तळघराचं छत यांचं इन्सुलेशन. हे दोन्ही आधी करा. आतून भिंतीला इन्सुलेशन लावायचंच असेल तर कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड लावा आणि सामाईक भिंतीच्या कोपऱ्यापाशी विशेष काळजी घ्या. तिथे थंडी शिरते आणि बुरशी धरते.

बुरशीचा विषय आपल्या स्वयंपाकघराशी थेट जोडलेला आहे. कुकरच्या शिट्ट्या, डाळीची वाफ, शिवाय घरात वाळत घातलेले कपडे. चिमणीसाठी दर्शनी भिंतीला भोक पाडू देतील असं गृहीत धरू नका, आणि आतल्या आत हवा फिरवणारी चिमणी वास कमी करते, वाफ नाही. तेव्हा हिवाळ्यातही दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. दिवसभर किलकिली ठेवलेली खिडकी भिंत गार करते आणि बुरशीला आमंत्रण देते.

लहान प्रकारचं घर साधारण 65 चौरस मीटर, म्हणजे 700 चौरस फुटांच्या आसपास. जिना अरुंद. मोठा पलंग, कपाट सुटं होणारंच घ्या.

खर्चात किमतीवर बर्लिनचा 6 टक्के खरेदी कर, नोटरी व नोंदणीचे साधारण 2 टक्के, आणि एजंट असेल तर बहुधा 3.57 टक्के धरा. दिलासा एवढाच, की स्वतः राहणाऱ्या मालकाला वारसा दुरुस्तीचा खर्च दरवर्षी 9 टक्के, असा 10 वर्षं करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. मात्र काम खात्याशी आधी ठरवलेलं हवं, नाहीतर या वजावटीसाठी लागणारं प्रमाणपत्र मिळत नाही. जुन्या मालकाकडून परवानग्यांची फाइल मागाच. विनापरवाना बदललेलं दार पूर्ववत करायचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो.

नुकतेच येताय, तर आधी घोड्याच्या नालेच्या आकाराच्या इमारतीतला फ्लॅट भाड्याने मिळतो का बघा. तिथल्या बाल्कन्यांचा निळा रंग फुकटात बघायला मिळेल. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं (हीटिंग, पाणी वगैरे खर्च सोडून). फ्लॅटमध्ये किचन ट्रॉली, ओटा, शेगडी नसणं जर्मनीत अगदी सामान्य आहे, तेवढं करारात आधी वाचा. ‘पार्खिमर आले’ हे यू-7 या मेट्रो मार्गाचं स्टेशन जवळ आहे. त्याच मार्गाच्या रूडो स्टेशनला उतरून विमानतळाची एक्स-7 बस मिळते.